कंस मोजणारी स्क्रिप्ट शिकवावी

महोदय,

संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना नोकरीत उपयोगी पडेल असे काय शिकवावे, याविषयीची पत्रे आपल्या दैनिकात अधूनमधून वाचनात येतात. त्यात माझी ही छोटीशी, पण मला बरीच महाग पडलेली भर.

बाणेर येथील एका कंपनीत मी डेटाबेस सांभाळत असताना सर्व्हर बदलण्याचे काम निघाले आणि कोणता डेटाबेस कोणत्या सर्व्हरवर आहे, याची यादी हवी झाली. ओरॅकल या डेटाबेस-प्रणालीत ही माहिती बहुधा टीएनएसनेम्स.ओरा या साध्या मजकुराच्या फाइलीत असते. नुकत्याच रुजू झालेल्या एका हुशार मुलाने ग्रेप ही शब्द शोधणारी आज्ञा चालवून ‘होस्ट’ (म्हणजे सर्व्हर) हा शब्द असलेल्या ओळी वेचल्या आणि चहा संपायच्या आत यादी माझ्या हाती दिली. मी ती न तपासता पुढे धाडली, हा दोष माझाच. मध्यरात्री काम सुरू झाल्यावर लक्षात आले, की यादीतला एक सर्व्हर केव्हाच भंगारात गेला होता आणि दोन डेटाबेसची नावे भलत्याच सर्व्हरपुढे पडली होती.

कारण अगदी साधे आहे. ग्रेप ओळ पाहते, आणि या फाइलीत एक नोंद म्हणजे एक ओळ नव्हे. डाव्या कडेला नाव आणि बरोबरचे चिन्ह, खाली आत सरकवून कंसात डिस्क्रिप्शन, त्याच्या पोटात अ‍ॅड्रेसचा कंस, त्यात प्रोटोकॉल, होस्ट आणि बहुतेक वेळा १५२१ हा पोर्ट (जोडणीचा क्रमांक), तर सर्व्हिसचे नाव त्याच्याही खाली. शिवाय कोणी अख्खी नोंद एकाच ओळीत कोंबतो, कोणी एका नावाखाली दोन अ‍ॅड्रेस देतो, तर कोणी जुनी नोंद पुसण्याऐवजी तिच्या प्रत्येक ओळीपुढे हॅशचे चिन्ह लावतो. आमचा भंगारातला सर्व्हर अशाच एका नोंदीतून उठून आला होता. १९७७ पासून वापरात असलेल्या ऑक या मजकूर हाताळणाऱ्या भाषेत रिकाम्या ओळीपर्यंतचा मजकूर एक नोंद मानण्याची सोय आहे. मात्र लिहिणाऱ्याने रिकामी ओळ सोडलेली असेल, तरच ती कामाची.

खात्रीचा मार्ग म्हणजे हॅशने सुरू होणाऱ्या ओळी आधी गाळून उरलेला मजकूर अक्षर-अक्षर वाचत जाणे. उघडणाऱ्या कंसाला एक मिळवावा, बंद होणाऱ्याला एक वजा करावा आणि बेरीज पुन्हा शून्यावर आली की नोंद संपली असे समजावे. पायथॉन या भाषेत अशा स्क्रिप्टला, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमला, वीसएक ओळी पुरतात. बेरीज शून्यावर आलेली नसतानाच डाव्या कडेला नवे नाव दिसले, तर कुठेतरी कंस राहिला आहे हे ओळखून स्क्रिप्टने तिथेच थांबावे आणि ओळीचा क्रमांक सांगावा. नाहीतर ती पुढची नोंद मुकाट्याने गिळून टाकते.

पुण्यातील महाविद्यालयांनी हे एक प्रात्यक्षिक जर्नलमध्ये घालावे, आणि तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षकांनी मुद्दाम एक कंस काढून ठेवलेली फाइल विद्यार्थ्यापुढे ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे