फॉर्म्बी एक नव्हे, दोन

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कलावंत घराण्यांवर आलेला लेख आवडला. त्यात ब्रिटिश रंगभूमीचे उदाहरण म्हणून जॉर्ज फॉर्म्बी या नावाचा उल्लेख होता, आणि ‘वडिलांची कला मुलाने पुढे नेली’ या एका वाक्यात बाप आणि लेक दोघांनाही गुंडाळले गेले होते. शिवाय बापाचा खोकला मुलाच्या नावावर गेला आणि मुलाचे वाद्य बापाच्या हातात आले. दोघांनी एकच नाव लावल्यामुळे हा घोटाळा इंग्रजी लिखाणातही होतो. पण तो सुधारायला हवा, कारण बापाची कला मुलाने जशीच्या तशी उचलली तेव्हा तो साफ पडला होता. ती बाजूला ठेवल्यावरच त्याचे नाव झाले.

बापापासून सुरुवात करतो. त्यांचे जन्मनाव जेम्स लॉलर बूथ, जन्म १८७५, गाव मँचेस्टरजवळचे ॲश्टन-अंडर-लाइन. बालपण अत्यंत हलाखीचे आणि आईच्या दारूमुळे बेवारशासारखे गेले. रस्त्यात गाऊन चार पैसे मिळवत पोरगा मोठा झाला. फॉर्म्बी हे लँकेशायरच्या किनाऱ्यावरचे गाव. रेल्वेच्या मालडब्यावर ते नाव वाचून त्यांनी उचलले, असे सांगतात. रंगमंचावर त्यांनी ‘जॉन विली’ नावाचा भोळा, गोंधळलेला लँकेशायरी पोरगा उभा केला. ढगळ विजार, आखूड घट्ट कोट, हातात छडी आणि उलट्या पायांत घातलेले बूट. उलट्या बुटांनी माणूस आपोआपच फेंगडा आणि अडखळत चालतो. चाल निराळी बसवावी लागत नाही. चॅप्लिनच्या भटक्याच्या चालीत आणि छडीत अनेक अभ्यासकांना या जॉन विलीची छाप दिसते. ‘विगन पिअर’ (विगनचा धक्का) हा विनोदही लोकांच्या तोंडी बसवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. विगन हे समुद्रापासून दूर असलेले कोळशाच्या खाणींचे शहर. तिथल्या गढूळ कालव्यावरच्या मोडक्या धक्क्याला समुद्रकिनाऱ्यावरच्या सैरसपाट्याचा थाट द्यायचा, एवढीच ती गंमत.

म्युझिक हॉलची, म्हणजे गाणी आणि विनोदांचे खेळ चालणाऱ्या तिथल्या नाट्यगृहांची, रीत ठाऊक असल्याशिवाय या माणसाची कमाल कळत नाही. एका खेळात आठ-दहा कलाकार, प्रत्येकाला साधारण दहा-पंधरा मिनिटे, बऱ्याच ठिकाणी रात्री दोन खेळ. ध्वनिक्षेपक नाही. समोर खाणारी, पिणारी, धूर सोडणारी माणसे. सोमवारी सकाळी वादकांची तालीम असे, तेव्हा प्रत्येकाने आपल्या स्वरलिप्यांची वही रंगमंचाच्या पुढच्या कडेला नेऊन ठेवायची. ज्याची वही आधी, त्याची तालीम आधी. आणि दोघांनी तेच गाणे आणले असेल तर आधी आलेला ते गाणार, दुसऱ्याने आठवडाभर दुसरे काही शोधायचे. म्हणून ओळख गाण्यावर नव्हे, व्यक्तिरेखेवर उभी करावी लागे. दहा मिनिटांत पाय, टोपी, आवाज, सगळे एकाच माणसाचे दिसले पाहिजे.

या माणसाला क्षयरोग होता. धुराने भरलेल्या त्या सभागृहांत गाताना त्यांना मध्येच उबळ यायची. लपवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी खोकल्यालाच खेळात घेतले. गाणे थांबवायचे, खोकायचे, आणि ‘आज खोकला काय झकास लागलाय’ अशा अर्थाचे वाक्य टाकून पुन्हा सूर पकडायचा. लोक हसत. क्षयावर पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. यांना त्याचा काय उपयोग? १९१३ मध्ये राजा पंचम जॉर्जसमोर त्यांचा कार्यक्रम झाला, तोवर ते देशातल्या मोठ्या विनोदी कलाकारांत मोजले जात होते. फेब्रुवारी १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी, क्षयानेच गेले.

मुलाने या धंद्यात येऊ नये, असे त्यांचे ठाम मत होते. घरात एक वेडा पुरे, असे ते म्हणत. मुलगा जॉर्ज हॉय बूथ, जन्म १९०४, विगन. सातव्या वर्षी शाळेतून काढून त्याला यॉर्कशायरमधल्या मिडलहॅमला घोड्यांच्या तबेल्यात जॉकीचे शिक्षण घ्यायला पाठवले. दहाव्या वर्षी तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला, तेव्हा वजन २५ किलोच्या आसपास. त्याच वयात, १९१५ मध्ये, एका मूकपटात त्याने घोडा पळवला. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. १९२१ पर्यंत तो जॉकी राहिला आणि एकही शर्यत जिंकला नाही. या उपद्व्यापात शिक्षण मात्र कायमचे सुटले, आणि लिहिणे-वाचणे त्याला आयुष्यभर जड गेले.

वारशाचा खरा प्रश्न वडील गेल्यावर आला. आई एलायझा मुलाला घेऊन लंडनला गेली. तिथे व्हिक्टोरिया पॅलेस या नाट्यगृहात एक विनोदी नट वडिलांचीच गाणी, तेच विनोद, तोच पोशाख घेऊन ‘नवा जॉर्ज फॉर्म्बी’ म्हणून उभा होता. परक्याने करायचे तर घरच्याने का नको, असा विचार झाला. मुलाने ग्रामोफोनच्या तबकड्या लावून वडिलांची गाणी पाठ केली, आणि मार्च १९२१ मध्ये अर्लस्टाउन इथल्या हिप्पोड्रोममध्ये तो जॉन विली बनून उभा राहिला. आडनाव मात्र सुरुवातीला आईचे, हॉय, लावले. कामे मिळत, पण लोक हुर्यो उडवत. याचे कारण उघड आहे. खोकला, दम लागणे, अर्ध्यावर तुटलेली ओळ, हे वडिलांच्या शरीराचे होते. सोळा-सतरा वर्षांचा निरोगी पोरगा तेच करू लागला की सोंग उघडे पडते. शिवाय तबकडीवरून वेळ शिकता येत नाही. त्या काळची तबकडी सुमारे तीन मिनिटांची, आणि गायकाला कर्ण्यात तोंड घालून न थांबता गावे लागे. प्रेक्षक हसेपर्यंत थांबायचे किती, ही बापाची सगळी हातोटी तबकडीवर उमटलेलीच नव्हती.

त्याचे पुढचे आयुष्य दोन गोष्टींनी घडवले. एक बेरील इंगहॅम. ही लाकडी तळव्याच्या बुटांनी नाचणारी ॲक्रिंग्टनची कसलेली नर्तकी. सप्टेंबर १९२४ मध्ये दोघांचे लग्न झाले. तिने जॉन विलीचे कपडे उतरवले, नवऱ्याला काळा सूट आणि बो-टाय दिला, आणि प्रेक्षकांशी सरळ बोलायला शिकवले. करार, पैसा, वेळापत्रक सगळे तिच्या हातात राहिले. नवऱ्याला खर्चाला रोज ५ शिलिंग मिळत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिच्याबद्दल कडवट लिहिणारे पुष्कळ आहेत. माझे मत असे की ती नसती तर आज आपण फक्त बापाचे नाव ऐकले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे वाद्य. बँजो म्हटले की आपल्याकडे मिरवणुकीतले बटणांचे वाद्य डोळ्यांसमोर येते. हे ते नव्हे. हे बँजो-युकुलेली, म्हणजे युकुलेलीची (छोट्या गिटारसारख्या वाद्याची) लहान मान आणि चार तारा, पण खाली लाकडी कड्यावर वासराचे कातडे ताणलेले. कड्याभोवती लोखंडी आकडे असतात आणि नट पिळून कातडे घट्ट करतात. तारा उचलून धरणारी घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने कातड्यावर उभी असते. पावसाळ्यात तबला उतरतो तसेच इथेही होते: हवा दमट झाली की कातडे सैल पडते, घोडी खचते, आवाज बसतो. रंगमंचावरच्या दिव्यांची झळ लागली की तेच कातडे आवळते, आणि आधीच जास्त ताणले असेल तर फाटते. म्हणून नट एका ओळीने पिळायचे नाहीत. समोरासमोरचे घ्यायचे आणि एका वेळी पाव फेराच द्यायचा. नाहीतर कडे एका बाजूला झुकते आणि तारा पडद्यांवर खरखरतात. एवढा त्रास घेऊन हे वाद्य कशाला? कारण त्याचा आवाज मोठा, टोकदार आणि तोकडा असतो. ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत तो पोहोचतो, आणि लगेच विरत असल्याने गाण्याच्या शब्दांवर बसत नाही.

मुलाला संगीताचे शिक्षण नव्हते आणि डाव्या हाताचे मोजकेच आकार येत. पट्टी बदलायची तर तो बोटे बदलत नसे, वाद्यच बदलत असे. वेगवेगळ्या पट्टीत जुळवलेली वाद्ये तयार असत, गाण्याप्रमाणे हवे ते उचलायचे. पण उजव्या हाताचे काम आजही वादकांना झेपत नाही. युकुलेलीची चौथी तार खर्जाची नसून चढी असते. त्यामुळे दोन्ही कडांच्या तारा उंच, आणि त्यांच्यात एका पूर्ण स्वराचेच अंतर. डावा हात स्थिर धरून उजव्या हाताची तर्जनी मनगटातून खाली-वर फिरते. काही आघात चारही तारांवर, काही फक्त कडेच्या तारेवर. आठ आघात तीन, तीन, दोन असे विभागले जातात, आणि साथीचा ताल मात्र सरळ चारचा चालू असतो. त्या ओढाताणीतच गंमत आहे. शिकणारे तीन चुका करतात: कोपरापासून हात हलवतात, घोडीजवळ वाजवतात आणि बोट ताठ धरतात. मान जिथे कड्याला मिळते तिथे, सैल मनगटाने वाजवले तरच कडेची एकटी तार स्वच्छ ऐकू येते.

तरीही यश लगेच आले नाही. १९२६ च्या पहिल्या तबकड्यांवर त्याने वडिलांचीच गाणी गायली आणि त्या चालल्या नाहीत. १९३२ मध्ये स्वतःच्या ढंगाचे गाणे जॅक हिल्टन यांच्या वाद्यवृंदासोबत ध्वनिमुद्रित झाले, तिथून गाडी रुळावर आली. पहिला बोलपट १९३४ चा. खर्च सुमारे ३,००० पौंड, आणि जागा लंडनमधली, गॅरेजच्या वरची एक खोली. खाली गाड्या सुरू झाल्या की चित्रीकरण थांबवावे लागे. पुढच्याच वर्षी आयल ऑफ मॅनच्या मोटारसायकल शर्यतीवरचा चित्रपट आला आणि उत्तरेकडचा हा पोरगा देशभर पोहोचला. १९३८ ते १९४३ अशी सलग सहा वर्षे तो ब्रिटिश चित्रगृहांचा सर्वांत जास्त गल्ला जमवणारा ब्रिटिश नट होता. खिडक्या पुसणाऱ्याच्या त्याच्या चावट गाण्यावर बीबीसीने बंदी घातली, आणि गाणे आणखीच गाजले.

दुसऱ्या महायुद्धात एन्सा या सैनिकांच्या करमणुकीसाठीच्या संस्थेतर्फे तो आणि बेरील सैनिकांसमोर कार्यक्रम करत फिरले. १९४४ मध्ये नॉर्मंडीत, थेट आघाडीवर. १९४५ च्या सुरुवातीला ब्रह्मदेश, भारत आणि सिलोन. सुमारे ३० लाख सैनिकांनी त्याला पाहिले, असा अंदाज केला जातो. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत या जोडप्याने गोऱ्यांपुरते मर्यादित कार्यक्रम करायला नकार दिला आणि काळ्या प्रेक्षकांसमोर गायले. आपल्या लेखात याला जागा मिळायला हवी होती. १९५२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. डिसेंबर १९६० मध्ये बेरील गेली, आणि ६ मार्च १९६१ रोजी तोही गेला. वॉरिंग्टनला वडिलांच्याच कबरीत त्याला पुरले. अंत्ययात्रेला लाखावर माणसे रस्त्यावर होती.

दोघांत गल्लत होऊ नये यासाठी संपादकीय विभागाला काही खुणा सांगतो. हातात वाद्य असेल तर मुलगा. बाप वाजवत नसे, त्याच्याकडे छडी. उलटे बूट दिसले तर घाई करू नये, कारण १९२१ नंतरच्या काही वर्षांत मुलानेही तो वेष घातला होता. चेहरा पाहावा, मुलाचे ते दातांचे मोठे हसू लपत नाही. गाण्याच्या नावावरून तर अजिबात ठरवू नये, कारण काही गाणी दोघांनीही गायली आहेत. मूळ ध्वनिमुद्रणाची तारीख पाहावी, पुनर्मुद्रणाची नव्हे: फेब्रुवारी १९२१ च्या आधीचे असेल तर ते बापाचेच. आवाजावरूनही कळते. कर्ण्यातून घेतलेल्या बापाच्या मुद्रणात खर्ज जवळपास नसतो, गाणे संथ असते आणि मधेमधे तो बोलतो. मुलाच्या आवाजात ठसका आहे आणि अंतऱ्यानंतर बहुधा वाद्याचा तुकडा येतो. दुरुस्ती छापाल तेव्हा बापापुढे १८७५–१९२१ आणि मुलापुढे १९०४–१९६१ ही साले द्यावीत, आणि ‘पुढे नेली’ हे शब्द काढावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, दादर