सकाळचा सुजलेला चेहरा आणि ताटातलं मीठ

प्रिय सुमा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, गाल जड, अंगठी घट्ट, आणि अकरापर्यंत बरंचसं ओसरतं, पण पूर्ण नाही. त्यावर उपाय म्हणून सात दिवस मीठ पूर्ण बंद करून नुसत्या फळांवर राहणार म्हणतेस. तो बेत आधी रद्द कर.

त्या सात दिवसांत चेहरा उतरेल, हे खरं आहे. यकृतात आणि स्नायूंत जी साखर साठवलेली असते, तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. पोळी-भात बंद केला की हा साठा दोन-तीन दिवसांत बराच घटतो. इन्शुलिन खाली येतं, मूत्रपिंडं जास्त सोडियम (मिठातला पाणी धरून ठेवणारा घटक) बाहेर टाकतात आणि त्यामागोमाग पाणी जातं. काटा एक-दोन किलो कमी दाखवतो आणि भेटेल तो तुझं कौतुक करतो. आठव्या दिवशी वरण-भात जेवलीस की सगळं परत. आणि मधल्या काळात सूज कशामुळे होती ते शोधायचं राहून जातं, ही माझी खरी काळजी.

तुझ्या वर्णनात मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. अकरापर्यंत ओसरतं ते पाणी. जे उरतं ते काय, हा दुसरा प्रश्न. आहाराचा उपयोग पहिल्याला होतो, दुसऱ्याला तपासण्या लागतात.

रात्री आडवं झाल्यावर पायांतलं पाणी चेहऱ्याकडेही पसरतं. पापणीची त्वचा शरीरात सगळ्यांत पातळ आणि तिच्याखालचा भाग सैल, म्हणून ते आधी तिथे दिसतं. उठून वावरायला लागलं की खाली उतरतं. हे प्रत्येकाच्या बाबतीत थोडंफार होतंच. ते डोळ्यांत भरण्याइतकं का वाढतं, याचं बहुतेक वेळा उत्तर रात्रीच्या जेवणातलं मीठ. दवाखान्यातल्या साध्या सलाइनच्या एक लिटर बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं, रक्ताच्या खारेपणाशी जुळणारं. म्हणजे गरजेपेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं, तर मूत्रपिंडं ते बाहेर टाकेपर्यंत शरीर साधारण अर्धा लिटर पाणी धरून ठेवतं. त्यांना त्यासाठी एक-दोन दिवस लागतात. लग्नातल्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशीही चेहरा तसाच का राहतो, ते यावरून कळेल.

जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, सपाट चहाच्या चमच्यापेक्षा थोडं कमीच. तुमच्या घरात किती जातं हे मोजायची सोपी रीत अशी : नवी पुडी फोडलीस की तिच्यावर तारीख लिही. चार माणसांत एक किलो महिन्याला संपत असेल, तर माणशी दिवसाला आठ ग्रॅमच्या वर जातं, आणि त्यात बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. पाच ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला 600 ग्रॅम पुरायला हवं. लोणची घालायला वापरलेलं मीठ वेगळं धर, नाहीतर एप्रिल-मेमध्ये आकडा उगीच फुगेल.

मग सकाळी चौघांचं दिवसाचं मीठ एका वाटीत काढून ठेव आणि स्वयंपाक तेवढ्यातच कर. आधी सध्या जाईल तेवढंच काढ, मग दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत अडीच सपाट चमच्यांवर आण. ते साधारण 15 ग्रॅम झाले. उरलेले पाच ग्रॅम पाव, बिस्किटं, फरसाण यांतून येतातच. एकदम कमी केलंस तर घरचे पानात वरून घेतील आणि हिशेब फसेल. जीभ तीन-चार आठवड्यांत सवय करून घेते. कणकेत आणि भातात मीठ नको. आमटी-भाजीत शेवटी घाल, म्हणजे कमी मिठातही चव लागते. लिंबू, आमसूल, ओलं खोबरं, कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड सढळ हाताने वापर. कोकमाचं आगळ मात्र जपून, ते मिठातच मुरवलेलं असतं.

लपलेलं मीठ जास्त त्रास देतं. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखारातूनही सोडियम येतं. ढोकळ्यातला सोडा तसाच : सपाट चमचाभर खायच्या सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. सांडगे, कुरडया, खारातल्या मिरच्या, सुकट आणि सुके बोंबील यांचा विसर पडू देऊ नकोस. पाकिटावर सोडियमचे मिलिग्रॅम लिहिलेले असतात, त्याला अडीचने गुण, म्हणजे मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. झटपट नूडल्सच्या एका पाकिटात बहुधा दोन ते अडीच ग्रॅम मीठ निघतं, निम्मा दिवस तिथेच गेला. सैंधव घेते म्हणून चालेल, असं समजू नकोस. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, वर बहुतेक वेळा त्यात आयोडीन घातलेलं नसतं, आणि थायरॉईडची शंका असताना (ती का, ते पुढे लिहिते) आयोडीन सोडणं बरं नाही. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस. रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

रात्रीचं जेवण आठच्या आत आणि सगळ्यांत कमी मिठाचं ठेव. पापड-लोणचं हवंच असेल तर दुपारी. ताक बिनमिठाचं, जिरं घालून. पाणी तोडू नकोस, तहानेप्रमाणे पी. प्रथिनं पुरेशी हवीत : किलोमागे 0.8 ते 1 ग्रॅम, म्हणजे तुला साधारण 55. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. नुसत्या फळांच्या आठवड्यात हे जवळजवळ शून्यावर येतं. नारळपाणी, केळं, पालेभाज्या यांतलं पोटॅशियम सोडियम बाहेर टाकायला मदत करतं, अर्थात मूत्रपिंडं ठीक असली तर.

आता जे अकरानंतरही उरतं त्याबद्दल. वर्षानुवर्षं तेवढीच दिसणारी डोळ्यांखालची पिशवी वयानुसार पुढे आलेली चरबी असते, ती खाण्यापिण्यातल्या बदलाने ओसरत नाही आणि तिला घाबरायचं कारणही नाही. तू मात्र थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ आहे, केस गळतात असंही लिहिलं आहेस. थायरॉईड मंदावला की त्वचेखाली पाणी धरणारे पदार्थ साचतात आणि चेहरा सुजट दिसतो. ही सूज बोटाने दाबून खळगा पडत नाही, दुपारी ओसरत नाही आणि मीठ सोडूनही हटत नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर आधी दोन दिवस बंद ठेव, काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. थायरॉईडची गोळी सुरू झालीच तर सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा ते एक तास. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला हरकत नाही, लोक उगीच सोडतात.

दुसरी शंका मूत्रपिंडांची. त्यांच्यातून प्रथिनं गळत असतील तर सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज येते, लघवीला फेस येतो आणि तो बराच वेळ बसत नाही. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून खळगा राहतो का बघ. सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची, पाळीचे दिवस टाळून दे : साधी तपासणी आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण. रक्तात क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन. रक्तदाब पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर टेकवून, दोनदा मोज. मिठाचा प्रयोग याआधी सुरू केलास तरी चालेल, पण त्याच्या भरवशावर तपासण्या पुढे ढकलू नकोस.

तिसरी गोष्ट तू सहज लिहून गेलीस, मला तीच सगळ्यांत खुपते : गुडघ्यांसाठी घेतेस त्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं दोन दिवसांत पळतं, भूक वाढते, गाल गोल आणि लालसर होतात, मानेमागे चरबी साठते. नुसती वेदनाशामकं असली तरी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी मीठ-पाणी अंगात धरलं जातं. पण सुमा, पुड्या आज एकदम फेकून देऊ नकोस. स्टेरॉइड अचानक थांबलं तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जिवावर बेततं. पुडीसकट डॉक्टरांकडे जा, कमी कशी करायची ते ठरवतील.

एरवी चेहरा अचानक सुजला, खाज असली, तर ॲलर्जी. केसांच्या कलपाने एक ते तीन दिवसांनी कपाळ आणि पापण्या सुजतात, म्हणून कलप आणि काळी मेंदी सध्या बंद. तुमच्याकडे बिब्बा लावतात, तो उतला तर तोंड असंच सुजतं, आणि कैरीचा चीक किंवा काजूच्या टरफलाचं तेलही त्याच जातीचं. एका बाजूलाच सूज आणि ठणका असेल तर दाढ किंवा सायनस पाहावं. ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बदलला, श्वास अडखळला, तर थांबायचं नाही, 108 ला फोन. रॅमिप्रिल-एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी हे महिनोन्‌महिने घेतल्यानंतरही होऊ शकतं.

आठवडाभर रोज उठल्याबरोबर लघवीला जाऊन आल्यावर वजन लिही, आणि सात व अकरा वाजता त्याच खिडकीपाशी फोटो काढ. रात्री काय खाल्लं ते शेजारी लिही. रात्रीत किलोभर वाढ दिसली तर ते पाणी असतं, चरबी एवढ्या वेगाने चढत नाही. वही आणि पुड्या घेऊन सोमवारीच डॉक्टरांकडे जा, आणि टीएसएच व लघवीचे आकडे आले की मला लगेच कळव.

तुझीच,
माधुरी