‘पॅनेल गेलंय’ म्हणण्याआधी : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : टीव्ही आणि स्ट्रीमिंग बॉक्स यांच्या प्रत्येक जोडणीची (केबल लावायच्या पोर्टची) क्षमता खोक्यावर छापणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. मी कराड येथे गेली २२ वर्षे टीव्ही दुरुस्तीचे काम करतो. पिक्चर ट्यूबच्या काळात पडद्यावर मुंग्या आल्या की लोक गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत, आणि दोष कुठे आहे हे घरातल्या लहान मुलालाही कळत असे. आता टीव्ही, स्ट्रीमिंग बॉक्स (इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारी डबी) आणि त्यांना जोडणारी एचडीएमआय केबल अशा तीन वस्तू तीन ठिकाणांहून घरात येतात. चित्र बिघडले की तिघांपैकी कोणाचे चुकले हे ग्राहकाला कळण्याची सोयच ठेवलेली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या भागातील एका निवृत्त शिक्षिकेने मागील वर्षी ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला. ब्रॉडबँडसोबत मिळालेला बॉक्स जोडल्यावर चित्रात पांढरे ठिपके चमकू लागले, आणि दर थोड्या वेळाने पडदा दोन सेकंद काळा होऊन परत येऊ लागला. बॉक्स देणाऱ्यांनी दोनदा बॉक्स बदलला आणि शेवटी टीव्हीकडे बोट दाखवले. टीव्हीच्या सेवा केंद्रातून आलेल्या माणसाने दहा मिनिटांत ‘पॅनेल गेलंय’, म्हणजे टीव्हीचा पडदाच खराब झालाय, असे सांगितले आणि संचाच्या निम्म्या किमतीचा अंदाज लिहून दिला. बाईंनी मला फोन केला तेव्हा त्या पैशांची जुळवाजुळव करत होत्या.

मी बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा फोर-केवरून १०८० वर, म्हणजे फुल एचडीवर, आणला. ठिपके गेले, पडदा तासभर एकदाही काळा झाला नाही. पॅनेल खराब असते तर ठिपके कोणत्याही दर्जावर दिसले असते. दोष केबलमध्ये होता. घर बांधताना ती भिंतीतल्या पाइपमधून ओढली होती, लांबी सुमारे १० मीटर. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात, आणि ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर केबलला १८ गिगाबिटपर्यंतचा भार पेलावा लागतो. जुन्या फुल एचडीच्या काळातली साधी लांब केबल तो पेलत नाही. आम्ही बॉक्स टीव्हीच्या मागेच बसवला, दीड मीटरची प्रमाणित केबल लावली, आणि खर्च काही शे रुपयांत आटोपला.

हे एकच घर नाही. बॉक्स सुरू होताना टीव्हीला त्याची क्षमता विचारतो, टीव्ही उत्तर देतो, मग दोघे कॉपीबंदीच्या कुलपाच्या, म्हणजे एचडीसीपीच्या, किल्ल्या पडताळतात. या देवाणघेवाणीत गफलत झाली की रंगांची भाषा जुळत नाही आणि सगळे चित्र गुलाबी किंवा हिरवे दिसते. पुष्कळदा दोन्ही उपकरणे प्लगपासून काढून, आधी टीव्ही आणि मग बॉक्स सुरू केल्यावर ते जागेवर येते. मध्ये जुना होम थिएटर असेल आणि त्याला एचडीसीपी २.२ कळत नसेल, तर फोर-के चित्रपट कमी दर्जात दिसतो किंवा पडदा काळाच राहतो. आपल्याकडे दूरचित्रवाणीची परंपरा सेकंदाला ५० वेळा चित्र पाठवण्याची आहे. बॉक्स ६० वर अडकलेला असेल तर क्रिकेटमध्ये सीमारेषेकडे जाणारा चेंडू अडखळत धावतो, आणि लोक इंटरनेटला दोष देतात. बातम्यांची खालची पट्टी कापली जाणे ही तर निव्वळ टीव्हीच्या एका सेटिंगची बाब आहे.

यातले काहीही दुरुस्तीचे काम नाही. ही माहितीची उणीव आहे, आणि इथेच शासनाचा अधिकार लागू होतो असे मला वाटते.

बाजारातल्या अनेक टीव्हींना तीन एचडीएमआय जोडण्या असतात, पण तिन्हींची क्षमता सारखी असतेच असे नाही. एखादी पूर्ण फोर-के सेकंदाला ६० वेळा घेते, दुसरी ३० वरच थांबते. शिवाय पूर्ण क्षमता वापरण्यासाठीचे बटण अनेक संचांत बंद ठेवलेले असते, आणि त्याचे नाव एका ठिकाणी ‘इनपुट सिग्नल प्लस’, दुसऱ्या ठिकाणी ‘डीप कलर’, तिसऱ्या ठिकाणी ‘एनहान्स्ड फॉरमॅट’ असते. मला ही नावे पाठ आहेत, कारण तो माझा पोटापाण्याचा धंदा आहे. साठीतल्या ग्राहकाने ती का पाठ करावीत? खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’ छापल्यानेही काही कळत नाही, कारण २०१७ मध्ये जाहीर झालेल्या त्या आवृत्तीतील नव्या क्षमता उत्पादकांसाठी ऐच्छिक आहेत.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(९) मध्ये वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. टीव्हीवरील भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी विजेचा धक्का आणि आगीपासूनची सुरक्षितता पाहते, आणि ती हवीच. पण हा संच घरातल्या बॉक्सशी नीट जुळेल का, याविषयी ती काही सांगत नाही. यूएसबी टाइप-सीचे भारतीय मानक २०२२ मध्ये निघाले, तेव्हा चार्जरच्या गोंधळाची दखल शासनाने घेतली होती. एचडीएमआयची अडचण त्याच जातीची आहे.

माझी विनंती अशी की, आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत किंवा मानक ब्युरोच्या मार्गाने, टीव्ही आणि बॉक्सच्या खोक्यावर प्रत्येक जोडणीपुढे तिची क्षमता साध्या शब्दांत छापणे सक्तीचे करावे : किती बिंदू, सेकंदाला किती वेळा, आणि एचडीसीपीची कोणती आवृत्ती. सोबतच्या केबलवरही तिची क्षमता असावी. पॅनेल किंवा बोर्ड बदलण्याचा अंदाज देण्यापूर्वी तंत्रज्ञाने दुसरी केबल, दुसरी जोडणी आणि १०८० चा दर्जा या तीन चाचण्या करून त्यांचा निकाल ग्राहकाच्या भाषेत लेखी द्यावा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर अशी तक्रार आली, तर टीव्हीवाला आणि बॉक्सवाला यांची उत्तरे एकत्र मागवावीत. आज ग्राहक या दोघांमध्ये चेंडूसारखा फिरतो, आणि शेवटी थकून जो पैसे मागेल त्याला देतो.

बाईंच्या घरातला तो लेखी अंदाज आणि भिंतीतून काढलेली केबल माझ्या दुकानात आहे. आपल्या विभागातील अधिकाऱ्यांना पाहायची असल्यास दोन्ही घेऊन मी स्वखर्चाने दिल्लीला येईन, आणि त्याच केबलवर चित्र कसे फाटते ते त्यांच्यासमोर दाखवीन.

आपला नम्र,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर
कराड, जि. सातारा