ऑगस्टमध्ये बंद असलेला किनारा विकल्याबद्दल तक्रार

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४
जळगाव

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, परदेश सहली,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : १३ ते १८ ऑगस्ट २०२४ या काळातील थायलंडमधील फुकेत समुद्रकिनारा सहलीतील त्रुटी, अनावश्यक आकारणी व रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : माझा २१ ऑगस्टचा ईमेल व त्यावरील आपले १२ सप्टेंबरचे उत्तर.

महोदय,

आम्ही पाच मैत्रिणी जळगावच्या एकाच महाविद्यालयात शिकलेल्या असून आता जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा आणि रावेर अशा पाच ठिकाणी राहतो. आपल्या जळगाव शाखेतून आम्ही ‘समुद्रकिनाऱ्यावरची निवांत सुट्टी’ ही पाच रात्री, सहा दिवसांची फुकेतची सहल घेतली. त्यापोटी प्रत्येकी ७४,५०० म्हणजे एकूण ३,७२,५०० रुपये, आणि त्यावर ५ टक्के टीसीएसचे (सहल विकणाऱ्याने आमच्याकडून घेऊन आमच्या नावावर सरकारजमा करायच्या कराचे) १८,६२५ रुपये, अशी ३,९१,१२५ रुपयांची पूर्ण रक्कम १० जुलै रोजी भरली. यातला बहुतेक पैसा आम्ही ३० महिने, प्रत्येकी महिना २,५०० रुपयांप्रमाणे भिशीत टाकून उभा केला होता. पाचपैकी तिघींचा हा पहिलाच परदेश प्रवास होता, आणि रावेरच्या मैत्रिणीने तर त्याआधी समुद्रच पाहिलेला नव्हता. केळीच्या बागेमुळे तिला चार दिवस घर सोडता येणे किती अवघड असते, हे आमच्या भागात कोणालाही सांगावे लागत नाही.

तारखा आम्ही विचार करून ठरवल्या होत्या. ११ ऑगस्टला रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली श्रावणात बसवली जाणारी देवी, बसायची होती, सोमवारी सकाळी तिचे विसर्जन होते आणि १९ तारखेला राखीपौर्णिमा होती. मधले सहा दिवसच आम्हा पाचही जणींना एकदम मोकळे मिळणार होते. मात्र पैसे भरण्याआधी, १९ जून रोजी, मी आपल्या शाखेतील सल्लागारांना व्हॉट्सॲपवर स्पष्ट विचारले होते की, ऑगस्टमध्ये तिकडे पावसाळा असतो का आणि समुद्रात उतरता येते का. त्यांचे उत्तर होते : ‘पाऊस येऊन-जाऊन असतो मॅडम, समुद्र एंजॉय करता येतो, काळजी करू नका.’ माझ्या तक्रारीचे मूळ या एका उत्तरात आहे, म्हणून त्या संभाषणाची प्रत सोबत जोडली आहे.

फुकेत हे थायलंडच्या पश्चिमेला, अंदमान समुद्राच्या बाजूला आहे. आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारेच तिथेही मे ते ऑक्टोबर या काळात समुद्र खवळून टाकतात. त्या महिन्यांत करोन, काटा, पातोंग या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर लाटा मोठ्या असतात, माणसाला आत ओढून नेणारे प्रवाह असतात आणि जीवरक्षक लाल झेंडे लावून पाण्यात उतरायला मनाई करतात. हे दरवर्षीचे आहे. याच देशाच्या दुसऱ्या बाजूला, थायलंडच्या आखातात को सामुई हे बेट आहे आणि तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. आम्हाला फुकेतच हवे होते असे अजिबात नाही, आम्हाला समुद्र हवा होता. मी जूनमध्ये विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले असते, तर आम्ही त्याच पैशांत सामुईला गेलो असतो, किंवा पाच जणींनी डिसेंबरपर्यंत वाट पाहिली असती.

प्रत्यक्षात काय झाले ते सांगते. १४ ऑगस्टच्या सकाळी आम्ही करोनच्या किनाऱ्यावर पोहोचलो. वाळूत थोड्या-थोड्या अंतरावर लाल झेंडे रोवलेले होते. रावेरची मैत्रीण चपला हातात घेऊन, साडीचा काठ वर धरून ओल्या वाळूच्या रेषेपर्यंत गेली. फुटलेल्या लाटेचे पाणी तिच्या घोट्यापर्यंत आले आणि ती आणखी दोन पावले पुढे सरकली, तोच जीवरक्षकाने जोरात शिट्टी मारून हाताने मागे व्हायला सांगितले. तिला आधी ती शिट्टी आपल्यासाठी आहे हेच कळले नाही. मी तिचा दंड धरून तिला मागे आणले. त्या जीवरक्षकाबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही, त्याने आपले काम केले आणि ते आमच्या भल्याचेच होते. पण त्यानंतरच्या चारही दिवसांत झेंडे हलले नाहीत आणि आमच्यापैकी एकीच्याही गुडघ्याला समुद्राचे पाणी लागले नाही. संध्याकाळी ती मला एवढेच म्हणाली, ‘आपण आलो त्या महिन्यात पाण्यात जाता येत नाही, हे त्यांना माहीत नसेल का गं?’ तिचा हा प्रश्न मी जसाच्या तसा आपल्यापुढे ठेवत आहे.

१५ ऑगस्टला आपल्या कार्यक्रमपत्रिकेनुसार स्पीडबोटीने फी फी बेटे आणि तिथली माया बे ही खाडी येथे जायचे होते. छापील माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर माया बेचेच छायाचित्र आहे, त्यात किनाऱ्याला लागलेल्या बोटी आणि पाण्यात पोहणारे पर्यटक दिसतात. त्या सकाळी स्थानिक मार्गदर्शकाने हवामान खराब असल्याने बोट रद्द झाल्याचे सांगितले. त्याच संध्याकाळी हॉटेलच्या स्वागतकक्षात चौकशी केल्यावर आम्हाला कळले की, माया बे दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी पूर्ण बंद ठेवला जातो. २०१८ मध्ये तिथले प्रवाळ वाचवण्यासाठी तो बंद झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडला. तेव्हापासून तिथे बोटी खाडीत आणता येत नाहीत, त्या बेटाच्या मागच्या बाजूला लावाव्या लागतात आणि पोहण्यावरही बंधने आहेत. म्हणजे ज्या दृश्यासाठी आपण आमच्याकडून पैसे घेतले, ते दृश्य वर्षाच्या कोणत्याही दिवशी प्रत्यक्षात नसते, आणि आम्ही गेलो त्या दिवशी तर हवा अगदी स्वच्छ असती तरी तिथे पाऊल ठेवता आले नसते.

आपल्या १२ सप्टेंबरच्या उत्तरात ‘खराब हवामानामुळे कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राखीव आहे’ या अटीचा आधार घेतला आहे. वादळ आले आणि बोट सुटली नाही, तर ती अट आम्ही विनातक्रार मान्य केली असती. अचानक आलेल्या वादळाने उभी बाग आडवी होते हे पाहत आलेली आम्ही माणसे आहोत, हवामानाचा दोष कोणाच्या माथी मारायचा नाही एवढे आम्हाला समजते. परंतु तारखा आधीच जाहीर करून बंद ठेवलेल्या जागेला हवामानाची अट लागू होत नाही. ही गोष्ट पैसे घेतानाच ठाऊक असायला हवी होती, आणि ठाऊक असूनही लपवली असेल तर ते अधिक गंभीर आहे.

रद्द झालेल्या बोटीऐवजी त्या दिवशी आम्हाला रत्ने व दागिन्यांचे एक दालन, चामड्याच्या वस्तूंचे एक दुकान आणि मधाचे एक दुकान दाखवण्यात आले. रत्नांच्या दालनात आम्ही १ तास ५० मिनिटे होतो, कारण ठरलेला वेळ पूर्ण झाल्याशिवाय गाडी निघणार नाही असे सांगण्यात आले. आमच्यापैकी एकीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, हे आपल्या शाखेने अर्जात लिहूनही घेतले होते. तिला तेवढा वेळ एका स्टुलावर बसून काढावा लागला. निवांत सुट्टीतला आमचा स्वातंत्र्यदिन असा गेला.

हॉटेलबाबतही तसेच घडले. पावतीवर करोन किनाऱ्यालगतचे, ‘रस्ता ओलांडला की वाळू’ असे वर्णन केलेले हॉटेल होते. उतरवले मात्र टेकडीवरच्या, किनाऱ्यापासून सुमारे अडीच किलोमीटर आतल्या हॉटेलात, जिथून दिवसाला दोनच वेळा किनाऱ्याकडे गाडी जात असे. समुद्रात उतरता येत नसले तरी निदान बाल्कनीत बसून तो पाहता आला असता, ही आमची शेवटची आशाही त्यामुळे गेली. त्या तारखांना दोन्ही हॉटेलांच्या दरात खोलीमागे रोज ३,१०० रुपयांचा फरक होता. दोन खोल्या व पाच रात्रींचे हे ३१,००० रुपये होतात.

जेवणाविषयी थोडक्यात लिहिते. श्रावण असल्याने दोन्ही वेळ भारतीय शाकाहारी जेवणाची हमी आम्ही लेखी घेतली होती. दुसऱ्या दिवशी भाजीत माशांपासून केलेला रस असल्याचे स्वयंपाक्यानेच सांगितले. त्यानंतरचे दोन दिवस आम्ही घरून नेलेल्या दशम्या, शेव आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढले. तक्रार केल्यावर पुढे व्यवस्था सुधारली, हेही नमूद करते.

आता दोन बाबी हिशेबाच्या, आणि निवृत्तीपर्यंत बँकेत काम केलेले असल्याने त्या मी बारकाईने पाहिल्या आहेत. आपल्या पावतीत ‘व्हिसा शुल्क व कागदपत्रे’ म्हणून प्रत्येकी ४,५०० रुपये लावले आहेत. थायलंडने भारतीय पर्यटकांना १० नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसामाफी दिली आणि १५ जुलै २०२४ पासून ती ६० दिवसांच्या वास्तव्यासाठी लागू झाली. फुकेतच्या विमानतळावर आमच्या पासपोर्टवर फक्त शिक्का मारला गेला, एक रुपयाही कोणी मागितला नाही. मग हे २२,५०० रुपये कोणत्या शुल्कापोटी घेतले, याची पावती द्यावी किंवा रक्कम परत करावी. दुसरे असे की, आयकर कायद्याच्या कलम २०६सी(१जी) खाली घेतलेले टीसीएसचे १८,६२५ रुपये आजपर्यंत आमच्यापैकी एकीच्याही फॉर्म २६-एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या विवरणात) दिसत नाहीत. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे विवरण भरण्याची मुदत १५ ऑक्टोबरला संपली आहे, तरी फॉर्म २७-डीचे, म्हणजे टीसीएस घेतल्याचे, प्रमाणपत्र मिळालेले नाही. ही रक्कम आमच्या नावावर सरकारजमा व्हायची असते, ती कंपनीच्या खात्यात राहू शकत नाही.

आमची मागणी अशी की, व्हिसाच्या नावाने घेतलेले २२,५०० रुपये, न झालेल्या बेट सहलीचे पावतीनुसार प्रत्येकी ९,२०० प्रमाणे ४६,००० रुपये आणि हॉटेलच्या दरातील फरकाचे ३१,००० रुपये, असे एकूण ९९,५०० रुपये परत करावेत. पाचही जणींची टीसीएस प्रमाणपत्रे द्यावीत. आणि झालेल्या मनस्तापाबद्दल प्रत्येकी १०,००० रुपये भरपाई द्यावी. आपल्या उत्तरात देऊ केलेले ‘पुढील सहलीवर प्रत्येकी ५,००० रुपयांची सवलत’ हे कुपन आम्हाला मान्य नाही. याशिवाय ऑगस्ट-सप्टेंबरच्या सहलींच्या माहितीपत्रकातून माया बेचे ते छायाचित्र काढावे, आणि मे ते ऑक्टोबर या काळात फुकेतला जाणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला समुद्रात उतरता येणार नाही अशी शक्यता पैसे घेण्याआधी लेखी कळवावी. ही मागणी आमच्यासाठी पैशांइतकीच महत्त्वाची आहे, कारण आपल्या शाखेत पुढच्या ऑगस्टची नोंदणी सुरू असल्याची पाटी मी गेल्याच आठवड्यात पाहिली.

वरील प्रकार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी, दिशाभूल करणारी जाहिरात व अनुचित व्यापारी प्रथा यांत मोडतो. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास आम्ही पाचही जणी जळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. वाद फक्त मुंबईतच चालेल अशी अट आपण छापली असली, तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा याच कायद्याच्या कलम ३४ ने दिली आहे. पावत्या, माहितीपत्रक, व्हॉट्सॲप संभाषण, किनाऱ्यावरील लाल झेंड्यांची व हॉटेलची तारखेसह छायाचित्रे आणि पाचही जणींच्या सह्यांचे संमतीपत्र सोबत जोडले आहे.

कळावे,

आपली,
(सही)
पाच मैत्रिणींच्या वतीने, जळगाव