हळदीचा भाव बाबांना स्वतःला बदलता आला पाहिजे

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

आपल्या हळद-मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट करायची असं तुम्ही दोघांनी ठरवलंत, हे ऐकून मला फार बरं वाटलं. तुम्ही पाठवलेलं, साइट बनवणाऱ्यांचं कोटेशन नीट वाचलं. फोनवर सांगायला घेतलं की मध्येच गिऱ्हाईक येतं आणि विषय राहून जातो, म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, आईलाही वाचून दाखवा. फोटोंचं आणि मसाल्यांचं तिच्याशिवाय व्हायचं नाही.

कोटेशनमधलं एक वाक्य मला खटकलं: ‘डोमेन, होस्टिंग, डिझाइन सर्व आमच्याकडे.’ होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची भाड्याची जागा, आणि डिझाइन त्यांच्याकडे असायला हरकत नाही. डोमेन मात्र आपल्याच नावावर हवं. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, जो आपण पिशवीवर, बिलावर, दुकानाच्या पाटीवर छापणार. त्याची नोंदणी मुदतीत वाढवत राहावी लागते आणि ज्याच्या खात्यावर ती नोंदणी, त्याच्याच हातात तो पत्ता. उद्या त्या माणसाने धंदा बदलला किंवा तो फोन उचलेनासा झाला, तर छापलेल्या सगळ्या पिशव्यांवरचा पत्ता परका होतो. म्हणून ‘डॉट इन’चं नाव घ्यायचं ते बाबांच्या ईमेलवरून, बाबांच्या मोबाइलवर ओटीपी मागवून, आणि पासवर्ड आईच्या वहीत लिहून ठेवायचा. एवढं केलं की बाकी सगळं कधीही बदलता येतं.

पत्ता आपला असणं का महत्त्वाचं, याचं एक उदाहरण आहे. गूगलच्या व्यवसाय नोंदीसोबत छोट्या दुकानांना एक फुकट वेबसाइट मिळायची. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी तोच पत्ता दुसऱ्या साइटला जोडला. ज्यांचा पत्ता गूगलचाच होता, त्यांना छापलेला सगळा कागद बदलावा लागला.

आता साइट कशावर बांधायची. कोटेशनवाले म्हणतात वर्डप्रेस, म्हणजे साइट बांधायचं सॉफ्टवेअर, आणि त्यावर विक्रीसाठी वूकॉमर्सचं दुकान. वर्डप्रेस २००३ पासून आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात. म्हणजे निवड काही वाईट नाही. पण त्यात होस्टिंगचे पैसे वेगळे, आणि वरचेवर अपडेट करत राहावं लागतं. जोडलेली प्लगइन, म्हणजे वरून बसवलेले जादा भाग, जुनी राहिली की तिथूनच साइट हॅक होऊ शकते. हे काम कोणीतरी नेमाने करायला हवं आणि ते बाबांच्या गळ्यात पडू नये असं मला वाटतं. शॉपिफाय ही कॅनडातली कंपनी. तिथे दर महिन्याला भाडं भरायचं, सुरक्षा-अपडेट सगळं तेच बघतात, आणि वस्तूचा भाव मोबाइल ॲपमधून बदलता येतो. विक्सवर चित्रं-मजकूर बोटाने हलवून पान बनतं, दिसतंही छान. पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, सोडायचं झालं तर पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागते.

बाबा, मी असल्या गोष्टींचा निकाल एकाच प्रश्नावर लावते. मार्केट यार्डात संक्रांतीनंतर नवी हळद यायला लागली की भाव वरखाली होतो, आणि आपल्यालाही पावकिलोचा दर बदलावा लागतो. त्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या, कोणालाही फोन न करता, तुम्हाला तो दर बदलता येणार आहे का? कोटेशनमध्ये ‘मजकुरातील बदलासाठी स्वतंत्र आकार’ असं लिहिलंय. म्हणजे भाव बदलला की त्यांना फोन, मग त्यांचा माणूस मोकळा होईपर्यंत वाट, आणि तोवर साइटवर जुना दर. चाळीस वर्षं तुम्ही स्वतःच्या हाताने पाटीवर भाव लिहिलात. तो अधिकार वेबसाइटवरही तुमच्याकडेच राहिला पाहिजे, मग ती थोडी साधी दिसली तरी चालेल.

म्हणून माझं मत असं. आपल्या सगळ्या वस्तू मोजून पंधराच्या आत आहेत. बाहेरगावची मागणी वर्षाचं तिखट-हळद भरायच्या दिवसांत आणि दिवाळीला वाढते, एरवी थोडीच असते. एवढ्यासाठी बारा महिने भाडं भरायची आज गरज नाही. स्वतःच्या डोमेनवर एकच नेटकं पान करायचं, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेसचं बटण ठेवायचं आणि सगळ्या वस्तू दरांसह त्याच्या कॅटलॉगमध्ये भरायच्या. पानावर दर लिहायचेच नाहीत. दर एकाच ठिकाणी असले की दोन ठिकाणी वेगळे दिसायची भीती नाही, आणि कॅटलॉगमधला दर तुम्ही फोनवरून चष्मा लावून आरामात बदलाल. मागण्या वहीत मावेनाशा झाल्या की शॉपिफायवर जाऊ. पत्ता तोच राहील, गिऱ्हाइकाला काही कळणारही नाही.

शेजारच्या काकांनी ॲमेझॉनवर विकायला सुचवलं, असं आई म्हणत होती. विकावं, पण केवळ त्यावर राहू नये. तिथे विक्रीतून शुल्क जातं हे तर आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे गिऱ्हाईक त्यांचं राहतं, आपलं होत नाही. तुमच्या लाल वहीत मुंबई-पुण्या-बेळगावची जी नावं आहेत, ज्यांना तुम्ही नवी हळद दळली की आपणहून फोन करता, तसं नातं तिथे जुळत नाही.

आता डिझाइन. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यात वर सोनेरी हलती अक्षरं, खाली सरकणारे पाच मोठे फोटो आणि पिवळ्याजर्द पट्टीवर पांढरा मजकूर आहे. बाबा, तुम्हाला ते आवडलंय, पण पिवळ्यावर पांढरं कोणालाच धड वाचता येत नाही, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तर नाहीच. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ इतका फरक असावा, असा वेबवरच्या वाचनीयतेचा जगभर मानला जाणारा दंडक आहे. हळदी पिवळ्यावरचं पांढरं अक्षर त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. फिकट पार्श्वभूमीवर गडद तपकिरी अक्षरं घेऊ आणि पिवळा रंग बटणाला ठेवू, त्यावरही अक्षर गडदच. मजकूर मराठीत आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसेल अशा टायपिंगमध्ये हवा. गणपती पेठेतल्या प्रेसमध्ये आपलं पत्रक जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झालंय. ते तसंच साइटवर डकवलं तर अगम्य चिन्हं उमटतील, आणि त्याचा फोटो लावला तर गूगलला त्यातलं नीट वाचता यायचं नाही. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट फुकट मिळतो आणि वाचायला सोपा आहे. ओळींत जरा जास्त अंतर ठेवायला सांगा, म्हणजे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत.

आई, फोटो तूच काढ. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको आणि फ्लॅशही नको. सकाळी मागच्या पडवीत ऊन तिरपं येतं तेव्हा पांढऱ्या पंचावर हळकुंडं पसर आणि त्यातलं एक मोडून ठेव, म्हणजे आतला नारिंगी गाभा दिसेल. राजापुरी हळदीची ओळख त्यातच आहे, पुडीच्या फोटोत ती कळत नाही. एक फोटो तुझ्या हातात हळकुंडं घेतलेला असू दे, आकाराचा अंदाज येतो. मोबाइल आपणहून पिवळा रंग भडक करतो, तेवढा मात्र उतरव. फार चकचकीत पिवळी हळद दिसली की जाणत्या बायका मेटॅनिल यलो या भेसळीच्या रंगाची शंका घेतात, आणि पुडी घरी पोचल्यावर रंग वेगळा दिसला तर विश्वासच जातो. फोटो मला पाठव, मी लहान करून देते. मोबाइलवरचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दीडदोनशे केबीत आणता येतो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. पाच सरकत्या फोटोंनी घाटात एसटीत बसलेल्या माणसाला ते मिळायचं नाही.

‘आमच्याविषयी’ या सदरात त्यांनी ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ लिहिलंय. ते काढून टाका. बाबा, तुम्ही हरिपूरच्या पेवांविषयी लिहा. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद कशी भरायचे, तोंड कसं लिंपायचे, २००५ च्या पुरात कितीतरी पेवं कशी गेली, हे तुम्ही मला लहानपणी दाखवत दाखवत सांगितलंय. दुसऱ्या कुठल्या साइटवर वाचायला मिळणार नाही असं तेच आहे.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचं चिन्ह नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांनाच वापरता येतं. आपली नोंदणी होईपर्यंत ते चिन्ह साइटवर नको. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, आपलं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर मात्र ठळक असू द्या.

पैशांसाठी सुरुवातीला यूपीआयचा क्यूआर पुरे. फक्त एक करा, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणून माल पाठवू नका. खोटे स्क्रीनशॉट सर्रास बनतात. बँकेत जमा दिसले की मगच पुडी बांधा. टपालखर्चही आधीच सांगा: अर्धा किलोची पिशवी खोक्यासकट अर्धा किलोच्या वर जाते आणि स्पीड पोस्टला पुढच्या टप्प्याचा दर लागतो. तो फरक दर वेळी आपल्या खिशातून जाऊ नये.

तूर्त कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका. डोमेनसाठी दोन-तीन नावं दोघांनी मिळून काढा, लहान आणि फोनवर सांगितलं तरी चुकणार नाही अशी. बुधवारी रात्री दुकान बंद झाल्यावर मी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा नोंदणी बाबांच्याच हातून करू. ओटीपी येईल, म्हणून मोबाइल चार्ज करून ठेवा.

तुमची,
लेक