आई, कोट घेतलाय, आता रागवू नकोस

प्रिय आई-बाबा,

फोनवर काही सांगायला गेलं की आई मधेच "बरं बरं, तुझं बिल वाढेल" म्हणून ठेवून देते (व्हॉट्सॅपला बिल येत नाही हे किती वर्षं सांगतोय), म्हणून लिहूनच टाकतो. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. चष्मा सापडत नाही म्हणून उद्यावर ढकलू नका, तो टीव्हीवर असेल.

तर आई, तुझा कोट घेतलाय. टॅग कापून टाकलाय म्हणजे परत करायचा विषयच संपला, मुद्दामच कापला. किंमत विचारायची नाही. सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळाला एवढंच सांगतो, आणि बाळंतपणाला इथं बाई लावायची म्हटली तर त्यात असले दहा कोट येतील, असा हिशोब कर.

"मला नको पँटबिंट, ह्या वयात" असं तू सारखं म्हणतेस ना, तर नकोच. तू साडीच नेसायची. कोट साडीसाठीच शोधलाय. तीन शनिवार गेले त्यात. ऑफिसात माझी एक मैत्रीण आहे, सोमालियाची, हिजाब घालते, तिला सगळं माहीत, कारण तिलाही अंग झाकून राहायचं असतं आणि इथल्या उणे दहात फिरायचंही असतं. ती म्हणाली, कोट उभ्यानं बघायचाच नाही. खुर्चीत बसून बघायचा, वाकून बघायचा, जिना चढून बघायचा. उभं असताना सगळेच कोट लांब दिसतात, बसलं की बटणांच्या मधे फटी पडतात आणि मागचा कट उघडतो. म्हणून बटणवाले सगळे बाद. ह्याला चेन आहे आणि चेनवर आणखी एक पट्टी आहे. चेन खालनंही उघडते, म्हणजे जिना चढताना खालनं वीतभर उघडायची, निऱ्या अडकत नाहीत, वर आलीस की परत बंद. कमरेला पट्टा नाही, अंगासरशी बसत नाही, खाली घेर आहे. लांबी 48 इंच, तुझ्या घोट्याच्या जरा वर येईल. त्याहून लांब नको, इथं बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ मारतात, त्याचा चिखल कडेला लागला की पांढरे डाग पडतात. साडीपण दोन बोटं वर नेस.

लोकरीचा बघितला होता. भारी होता पण तुझ्या खांद्यानं पेललं नसतं, आजोबांच्या घोंगड्याएवढं वजन. बदकाच्या पिसांचे हलके असतात आणि ऊबही जास्त, पण माळ घातलेल्या बाईला पिसांत कसं गुंडाळू, आणि पिसं भिजली की गोळा होऊन ऊब जाते ते वेगळंच. हा साध्या कृत्रिम भरणाचा आहे, मशीनमध्ये धुता येतो. रंग वांगी. दुकानात काळे ढीगभर होते, पण काळं तुला संक्रांतीपुरतंच चालतं हे मला माहीत नाही होय?

आता मागच्या वेळचं. तू तीन आठवडे खिडकीत बसून काढलेस आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, आईला थंडी सोसत नाही. पहाटे गार पाण्यानं अंघोळ करून काकड आरतीला जाणारी बाई तू. माझी ती पँट आणि कमरेपर्यंतचं जॅकेट घालून दारापर्यंत आलीस, लिफ्टमधनं कुणीतरी बाहेर आलं आणि तू परत आत गेलीस. मला राग आला होता. मी काय बोललो ते तुला आठवत असेल, मला तर शब्दन् शब्द आठवतोय, इथं परत लिहीत नाही. तू काहीच बोलली नाहीस, नुसती भाकरी थापायला लागलीस. आई, ते डोक्यात ठेवू नकोस ग.

पावसात शाळेतनं गंगावेशीतून येताना तू मला पदरात घ्यायचीस, आठवतंय? छत्री दादाला आणि पदर मला. ओला सुती वास यायचा, मधे मधे कांद्याचा. हल्ली रात्री झोप लागत नाही तेव्हा तोच वास आठवतो. पोटातलं लाथा मारत असतं.

बरं, आता सूचना. बाबांच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाहीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. विमानतळावर व्हीलचेअर सांगितलीय, बाबा, अपमान वगैरे वाटून घेऊ नका, तुमचे गुडघे ठणठणीत आहेत हे मला मान्य आहे, पण लाईन फार लांब असते आणि आईलाही सोबत सोडतात. कोल्हापुरी चपला आणायच्या असतील तर घरात घालायला आणा, बाहेर बर्फावर पाय सरकला तर दोघांनाही आडवं व्हावं लागेल. तळव्याला खाचा असलेले बूट इथं घेऊन ठेवलेत. परकराखाली घालायच्या गरम लेगिंगाही दोन घेतल्यात, त्या कुणाला दिसत नाहीत, तेवढं माझं ऐक. चटणी दोन पिशव्यांत घट्ट बांधून.

किरणोत्सव चुकणार ह्याचं तुला वाईट वाटतंय, दादा म्हणाला. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी तू इथं असशील, अंबाबाईच्या पायापासनं चेहऱ्यापर्यंत ऊन चढताना तुला बघता येणार नाही. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण नोव्हेंबरात परत असतोच की. दादाला व्हिडीओ कॉल लावायला सांगितलंय, इथं तेव्हा पहाट असेल, तू उठलेलीच असतेस.

आणि शेवटचं, पदराचं. मी तुझी ती निळी इरकल सोबत घेऊन गेलो होतो, ट्रायल रूममध्ये पोटावर कशीबशी गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला, वरनं हुड ओढला. पदर सरकत नाही. बाहेर दुकानातली पोरगी दार वाजवत राहिली, मी आत जाग्यावरच चालून बघत होतो.

तुमचीच,
चिमी

(जावई विचारतायत, बाबांना अंगठी चालेल की टोपीच आणू. मी म्हटलं टोपी, कान झाकणारी.)