त्या नकाराबद्दल आभार

ब्विंडीच्या जंगलातल्या रेंजरदादांस,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीत आहे, तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. पण युगांडाला निघालेल्या आपल्या माणसांनीही ते वाचावं, म्हणून जाहीरच लिहितेय.

गोरिला बघायला जंगलात शिरण्याआधी, बुहोमाच्या प्रवेशद्वाराशी सकाळी सूचना चालू असताना आमच्या ह्यांना शिंका आल्या. तुम्ही ह्यांना बाजूला घेतलंत, घसा-ताप विचारलात आणि आत सोडता येणार नाही म्हणालात. परमिट आठशे डॉलरचं! ह्यांनी मास्क दाखवला, गोळी घेतल्याचं सांगितलं, किती लांबून आलोय तेही ऐकवलं. (आपल्याकडे एवढ्यावर कुणीतरी ‘जाऊ द्या हो’ म्हटलंच असतं.) तुम्ही आवाज न चढवता ‘नाही’वर ठाम राहिलात, आणि कारणही सांगितलंत. आपली साधी सर्दी गोरिलाच्या छातीत उतरली तर जीव घेऊ शकते. १९९६ मध्ये इथल्या एका कळपात खरूज पसरली, एक पिल्लू दगावलं. रोग माणसांकडूनच आल्याचा संशय. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार जगात पर्वतीय गोरिला १,०६३. तेवढ्यात एक शिंक महागच.

मी मात्र गेले. ट्रॅकर पहाटेच पुढे जाऊन, कळपाने आदल्या रात्री केलेल्या पानांच्या बिछान्यांपासून माग काढत होते. उतारावर पाठ रुपेरी झालेला म्होरक्या नर पाला ओरबाडून खात बसला होता. त्याला दिलासा द्यायला तुम्ही घशातून खालच्या पट्टीत हुंकार दिलात. त्याने मानही वळवली नाही. एक पिल्लू आईला सोडून थेट आमच्याकडे यायला लागलं. मला ते यायला हवं होतं, खोटं कशाला बोलू! तुम्ही आम्हा सगळ्यांना मागे सरकवलंत. आणि तास संपला तेव्हा ते वेलीला लटकून खेळत असतानाच आम्हाला फिरवलंत.

आमचे हे तोवर बाट्वा लोकांच्या वस्तीवर जाऊन आले. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या ह्याच जंगलावर जगलेल्या ह्या लोकांना बाहेर काढलं गेलं. परमिटच्या पैशातला काही वाटा भोवतालच्या गावांना मिळतो म्हणतात. बाट्वांच्या हाती त्यातलं काय पडतं, हे तुमच्या वरच्यांना विचारायला हवं. तुम्हाला नव्हे. तुमचे आभारच, आमच्या दोघांकडून.

आपली,
पुण्याची एक पर्यटक